मामंजींच्या दाराचं कुलूप

ता. ३

ती. दादास,
बेबीचा सा. न. वि. वि.

आम्ही खुशाल आहोत असं लिहायला हात धजत नाही. मामंजींचा विसर वाढलाय. चौतीस वर्षं गावाला पाणी सोडलं, तेवढं मात्र विसरत नाहीत. पहाट झाली की निघालेच व्हॉल्व्ह उघडायला! परवा हमरस्त्यावर ट्रकांच्या मधोमध सापडले. तेव्हापासून त्यांच्या खोलीला बाहेरून कुलूप आहे. आतून दार बडवतात, लोक बादल्या घेऊन खोळंबलेत म्हणून मला रागे भरतात. आमचे हे म्हणतात, खिडकीसाठीही एक कुलूप आण. मी देवाला विचारते, मी सून आहे की जेलर?

आणि तुमच्या पाणीखात्याची गाडी भोंग्यावरून सांगत फिरतेय की सगळं सुरळीत आहे! नळाला चार दिवस थेंब नाही. तू तिथला हेडक्लार्क, बहिणीला तरी खरं सांग.

लोभ आहेच, सध्या थोडी काळजीही कर.
बेबी

ता. ५

चि. सौ. बेबीस अनेक आशीर्वाद.

शिपायाच्या हाती पाठवतोय. वाचून फाडून टाक. मोठी पाइपलाइन फुटलीय, पाणी खालच्या आळीत घरांत शिरतंय. ते बंद करायचा व्हॉल्व्ह रस्ता रुंद करताना गाडला गेला. नकाशाप्रमाणे खणलं तर नुसती माती. इथे काही हाताबाहेर गेलं की परिपत्रक निघतं. आज तिसरं निघालं, शिवाय लोक आत घुसू नयेत म्हणून फाटकाला कुलूप. परवा दुपारपर्यंत जमलं नाही तर टाकीच बंद करणार. मग दवाखानाही कोरडा.

जुन्या रजिस्टरात तो व्हॉल्व्ह फिरवणारे एकच, तुझे मामंजी. आजचा वार न सांगता येणाऱ्यावर भरवसा ठेवायचा का, म्हणून इंजिनियर साहेब हसले. तासाभराने त्यांनीच तुझा पत्ता मागितला. परवा सकाळी जीप येईल. मला इथून हलता येणार नाही. त्या गर्दीत, पाण्यात ते हरवले तर तुझ्या घरी मी तोंड कसं दाखवू? नाही म्हणालीस तरी मी रागावणार नाही.

जपून राहा.
तुझा दादा

ता. ८

ती. दादास सा. न. वि. वि.

काल सकाळी जीप आली आणि मी कुलूप काढलं. साहेबांनी ओसरीवर नकाशा पसरला, मामंजी त्याच्यावरूनच चालत गेले! साहेबांनी दंड धरला तर झटकला. मी म्हटलं, सोडा, मी आहे मागे. चिखल, ट्रक, शिव्या देणारी माणसं. शिंप्याच्या दुकानावरून दोनदा पुढे गेले. साहेब घड्याळ बघायला लागले, माझा देवाचा धावा चालू. तिसऱ्यांदा दुकानाच्या पायरीपाशी थांबले आणि टाच आपटली. हातभर खणल्यावर झाकण लागलं. गडी आतला व्हॉल्व्ह भराभर फिरवायला लागला तर मामंजी कडाडले, हळू, पाण्याला धक्का बसतो. चौदा आटे त्यांनी स्वतः मोजले. आळीतलं पाणी थांबलं.

परतताना मला विचारलं, बाई, तुम्ही कुणाकडच्या? मी म्हटलं, तुमच्याकडचीच. बरं म्हणाले.

दुपारी साहेब पुन्हा दारात. त्या झाकणाला कुलूप लावायचा वरून हुकूम आलाय, आणि खात्याचं एकुलतं एक कुलूप तुमच्या फाटकाला! मी आमचं देऊन टाकलं. दुसरं आणलेलं नाही, आणायचंही नाही. आता पहाटे मामंजी पुढे आणि मी मागे. चपला झिजतील तेवढाच खर्च.

पत्र पाठव, परिपत्रक नको.
तुझी बेबी