फंक म्हणजे घामाचा वास

प्रिय साकिब,

पुण्याच्या हॉटेलातला तुझा व्हिडिओ पाहिला. चमकदार जाकीट शोभतं तुला, केस मात्र काप. खाली लिहिलं होतं, 'फंक संगीत'. मी अर्ध्या चाळीसगावला दाखवत सुटले, तर जो तो विचारी, फंक म्हणजे काय गं? मग शोधलं. जुना इंग्रजी शब्द आहे म्हणे. आधी अर्थ होता धूर, मग कोंदट, घामट वास. अमेरिकेतल्या काळ्या वादकांनी नाक मुरडायचा तो शब्द उचलला आणि ताठ मानेनं आपल्या संगीताला लावला. वाचून मी इतकी हसले की अम्मी स्वयंपाकघरातून बघायला आली.

हसू नको तर काय करू? आपल्या बँडचे मखमली कोट आठव. लग्नसराई संपेपर्यंत धुवायचे नाहीत, धुतले की जरीकाम काळं पडतं. नुसते गच्चीवर उन्हात टाकायचे. शाळेत पोरं आपल्याला बघून नाक दाबायची. एसटीत तू अब्बांच्या शेजारी बसायचा नाहीस. आणि आता त्याच वासाचं नाव पुण्यात मिरवतोयस, शहाण्या.

अब्बांच्या छातीत दम उरलेला नाही. डॉक्टरांनी क्लॅरिनेट बंद करायला लावली, तर ते बँडच मोडायला निघाले. मी म्हटलं, मी वाजवते, तुमच्याच रियाजाला बसून शिकलेय. भाईबंद खवळले. मुलीनं वरातीपुढे वाजवायचं? अम्मीनं अब्बांचा कोट उसवून माझ्या मापाचा केला. ढोलवाले सुकदेव नाना तेवढे म्हणाले, "तिले वाजाडू दे, बठ्ठा आयकतीन." सगळे ऐकतील, हा भरवसा एकट्या त्यांनाच. भाईबंदांचं मला वाईट वाटत नाही, ते दोन दिवस बोलतील. वाईट तुझं वाटतं.

रविवारी धुळ्यात वरात आहे, घोड्यापुढे मी असेन. तुला बोलवायला लिहीत नाहीये. तिकडे तू घरची कापडाची पेढी असल्याचं सांगतोस, हे इथे कळलंय. अब्बा त्या रात्री जेवले नाहीत. आता तुझ्या मित्रांनी विचारलं तर सांग, वडील बँडवाले आहेत आणि बँड माझी आपा चालवते. नाही जमलं, तर वरातीचा व्हिडिओ मी तुझ्या व्हिडिओखाली लावीन आणि लिहीन, ही साकिबची बहीण.

तुझीच, माघार न घेणारी,
हुमाआपा