तुझ्या आईच्या गोळ्या

घाटंजी,
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

प्रिय पायल,

सकाळी सहाला उठलो. चहा केला. विहार झाडून आलो. वर्षावास संपला, त्यामुळे कोणी नव्हतं. दुपारी भात लावला, तो थोडा करपला, पण खाल्ला. बाकी सांगण्यासारखं काही घडलं नाही.

काल तू फोनवर जे विचारलंस, त्याचं उत्तर लिहायला बसलो आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी तुला उदासीसाठी गोळ्या लिहून दिल्या, त्या तू अजून सुरूच केल्या नाहीत. आईला गोळ्यांचा काय उपयोग झाला, असं म्हणालीस. त्यापेक्षा सुया लावून घेते, आईला त्यानंच बरं वाटायचं, असंही म्हणालीस. मी 'बघू' म्हणून फोन ठेवला. फोनवर मला बोलता येत नाही, हे तुला माहीत आहे.

सुयांनी तिला बरं वाटायचं, हे खरं आहे. यवतमाळला देवसिंगभाऊ चिनी पद्धतीच्या सुयांचा उपचार करतात, तिथं आम्ही दर बुधवारी एसटीनं जायचो. ते आधी तिची जीभ बघायचे. मग दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून बराच वेळ डोळे मिटून बसायचे. झोप कधी मोडते, विचारायचे. पहाटे तीन-चारला, असं तिनं सांगितलं तेव्हा म्हणाले, चिनी वैद्यकात ती फुप्फुसांची वेळ, आणि दुःख राहतं तेही फुप्फुसातच. परतताना ती म्हणाली, "इतका वेळ माहा हात कोनी धरला नोता जी." मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

गोळ्या डॉक्टरबाईंच्या होत्या, त्याही यवतमाळच्याच. त्यांच्याकडे प्रश्नांचा कागद होता. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस उदास वाटलं? तुझी आई म्हणाली, "दिवस कायले मोजू बाई, सारेच तसे." बाईंनी पेन खाली ठेवला. नंतर मला समजावलं, हा मेंदूतल्या रसायनांचा आजार आहे, बीपीसारखा. गोळी मनानं बंद करायची नाही. घरी आल्यावर तुझी आई हसून म्हणाली, "एक म्हन्ते दुःख डोक्यात हाय, दुसरा म्हन्ते फुप्फुसात. तुमीच सांगा जी, शेक कोठं देऊ?" पुष्कळ दिवसांनी ती हसली होती. दोन्ही उपचार तेव्हा चालू होते. ती पुन्हा भाकरी थापायला लागली होती. शेजारच्या धुरपताबाईंकडे जाऊन बसायची.

मग गेल्या वर्षीची आषाढी पौर्णिमा आली. वर्षावास सुरू झाला. विहारात ग्रंथवाचन मीच करत होतो आणि ती पहिल्या रांगेत बसून पेंगत होती. गोळीनं तिला गुंगी यायची. मागून कोणीतरी हसलं. मला लाज वाटली. त्याआधी दहाच मिनिटं मी सगळ्यांना पंचशील दिलं होतं. नशा आणणाऱ्या पदार्थांपासून दूर राहण्याचं पाचवं शील माझ्याच तोंडून निघालं होतं. घरी येऊन मी तिला म्हणालो, ही गोळीसुद्धा नशाच आहे. वर्षावासाचे तीन महिने बंद ठेव, सुया आहेतच. ती म्हणाली, "तुमी म्हन्ता त बंद." पाकिटं मी कपाटात वर ठेवली.

देवसिंगभाऊंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, सुया गोळ्यांच्या जोडीला आहेत, गोळ्या सोडायच्या नाहीत. पुढच्या बुधवारी त्यांनी तिला विचारलं, गोळ्या चालू आहेत ना? तिनं माझ्याकडे बघितलं. 'हो' मी म्हणालो. त्यानंतरच्या प्रत्येक बुधवारीही मीच म्हणालो. अठ्ठाविसाव्या दिवशी तिनं जीव दिला.

यंदा मी भन्तेजींना विचारलं. ते म्हणाले, औषध म्हणजे नशा नव्हे, इतकी वर्षं शील देता आणि एवढं कळलं नाही?  त्यांना मी कारण सांगितलं नाही. देवसिंगभाऊंना किंवा डॉक्टरबाईंनाही नाही. तुलाही नाही, आणि चौदा महिने तू समजत राहिलीस की गोळ्या खाऊनही आई गेली.

तसं झालं नाही, बेटा. गोळ्या मी बंद केल्या होत्या. तू हे पत्र वाचशील त्या दिवसापासून तुझी गोळी सुरू कर. सुया लावायच्या असतील तर त्याही लाव, पण डॉक्टरांना आणि सुया लावणाऱ्यांना, दोघांनाही खरं सांग. गुंगी आली तर डॉक्टरांना विचार, मला किंवा विहारातल्या कोणाला विचारू नकोस. माझ्यावर राग येईल. फोन करावासा वाटला नाही तर करू नकोस, पण मग गोळी घेतली एवढं तरी रोज लिहून पाठव. मी उलट काही विचारणार नाही.

आज चौथ्या दिवशी नळ आले आहेत. बाहेर धार सुरू झाली. बादल्या लावून पाणी भरून घेतो.

तुझाच,
बाबा