कबड्डी, बॉटनी आणि सिस्टरांचं घर

बाबा, तुम्ही गेलात तेव्हा मी सहावीत होते. आता यवतमाळला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. विषय बॉटनी, आणि कॉलेजच्या कबड्डी संघात मी चढाई करते. तुमच्या डोळ्यांसमोर ती किडकिडीत पोरगी असेल तर विश्वास बसायचा नाही, पण आता चार जणी अंगावर आल्या तरी मी ओढत ओढत लाईन गाठते. पण सांगायला बसले आहे ती गोष्ट वेगळीच आहे. मला सिस्टर व्हायचं आहे. दवाखान्यातली नव्हे, कॉन्व्हेंटमधली.

तुम्ही मिशनच्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकी होता, म्हणून माझं लहानपण त्या स्वयंपाकघरातच गेलं. ऐंशी मुलींच्या डाळीचं पातेलं, भिंतीवर धुराचा काळा पट्टा, आणि शाळा सुटली की मला ठरलेलं काम, लसूण सोलायचं. एके दिवशी मी टोपली तशीच टाकून चर्चमध्ये पळाले आणि पुढच्या बाकाशी गुडघे टेकून बसले. थोड्या वेळाने तुम्ही येता. हात कोपरापर्यंत पिठाने भरलेले.

“काय करून राह्यली वं?”

“प्रार्थना.”

“कायले?”

तुम्ही वेदीकडे बघून हात जोडता आणि म्हणता, “देवाले मी सांगतो, पोरगी लसूण सोलून राह्यली म्हणून. त्याले चालते. ऊठ.” तेव्हा मला फार राग आला होता तुमचा.

या जूनमध्ये मी कॉन्व्हेंटच्या मोठ्या सिस्टरांना मनातलं सांगितलं. त्या मूळच्या केरळच्या, पण इतकी वर्षं इकडे काढली की आपल्यापेक्षा ठसक्यात वऱ्हाडी बोलतात आणि स्कूटीवरून गावोगाव फिरतात. त्या एवढंच म्हणाल्या की दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस आमच्याकडे येऊन राहा, घाई नाही. घाई मीच केली. दुसऱ्या दिवसापासून संत व्हायला लागले. कबड्डी सोडली, गुडघ्याचे पट्टे ज्युनिअर मुलीला देऊन टाकले, रोज संध्याकाळी चर्चमध्ये दोन-दोन तास बसू लागले. मेसमध्ये हसणं बंद. शेवटी खोलीतल्या मैत्रिणीने विचारलं, “काहून वं, पोट दुखून राह्यलं का तुहं?”

ऑगस्टमध्ये चाचणीचे मार्क आले आणि मी बॉटनीत नापास. माझ्या आवडत्या विषयात! सिस्टरांनी गुणपत्रिका मागितली, चष्मा वर करून दोनदा वाचली.

“हे काय होय?”

“सिस्टर, मी प्रार्थनेले जास्त वेळ देऊन राह्यली होती.”

“पुस्तक टाकून प्रार्थना करायले कोणी सांगतलं तुले? आन् कबड्डी काहून सोडली?”

“सिस्टर लोक कबड्डी थोडीच खेळतात...”

“मी कॉलेजात गोळा फेकत होती,” त्या म्हणाल्या. “आमाले अर्धी पोरगी नोको. येशीन तर पुरी ये, नाही तर घरी राह्य.”

त्या दिवशी तुमचं ते ‘कायले?’ मला इतक्या वर्षांनी ऐकू आलं. तेव्हा लसणापासून पळाले होते, आता अवघड धड्यापासून पळायला मी पुन्हा चर्चच गाठलं होतं. तशीच उठले, गुडघ्याचे पट्टे परत मागितले, दिलेली वस्तू मागायची लाजही वाटली, आणि रात्री जेवताना पोटभर हसले.

आंतरमहाविद्यालयीन सामने नेमके दिवाळीच्या त्या आठ दिवसांतच आले. सिस्टर म्हणाल्या, “आधी खेळ, मंग ये.” उपांत्य सामना आम्ही दोन गुणांनी हरलो. शेवटची चढाई माझी होती. बोनस गुणाच्या लोभाने पाय जरा पुढे टाकला आणि त्यांच्या कोपऱ्यातल्या मुलीने घोटा धरला. लंगडत कॉन्व्हेंटात पोचले तर सिस्टरांनी देवाच्या हाकेबद्दल एक शब्द विचारला नाही. घोट्याला हळद-तेल लावत त्या सगळा सामना ऐकत होत्या आणि त्या पकडीला चुकचुकत होत्या.

मग पाच दिवस पहाटेची प्रार्थना, भांडी, आणि सिस्टरांच्या मागे स्कूटीवर बसून झरीकडची गावं. एका पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, मी सवयीने पानं गोळा करत होते. एक कोलाम आजी माझ्या हातातलं प्रत्येक पान बघून नाव सांगायला लागली, कोणतं पोटाला, कोणतं गुरांच्या खुराला. मी तिला पुस्तकातली लॅटिन नावं म्हणून दाखवली, तर ती हसून हसून खाली बसली. परत येताना स्कूटीवर मी जोरजोरात गात होते. सिस्टर मागे न बघता म्हणाल्या, “सूर सोडला तर बाकी बरं हाय.”

आईला सांगणं राहिलं होतं, म्हणून तिथून घरी गेले. ती आता तुमच्याच जागी वसतिगृहात स्वयंपाक करते. ती भाकरी थापत होती, तिचा हात थांबला नाही. “लगन नाही करत मंग?” नाही म्हटलं. “आन् मी एकटीच राहू?” मी तव्यावरची भाकरी उलटली, बाबा. तिसऱ्या दिवशी चांगलं लुगडं नेसून एकटीच कॉन्व्हेंटात गेली. पोरीला सुट्टी मिळते का, आजारी पडली तर कोण बघतं, सगळं विचारलं आणि तिथेच जेवली. परत आली, चपला काढल्या आणि म्हणाली, “त्यायच्या डाळीले फोडणी बराबर नाही. जाशीन तर शिकव त्यायले.” मग चुलीकडे तोंड करून बराच वेळ रडली. मीही.

ठरलं आहे ते असं. आधी परीक्षा, मग एक वर्ष त्यांच्याकडे राहून बघायचं. नाही जमलं तर कधीही परत यायची मोकळीक आहे. दर महिन्याला आई येणार, मला भेटायला आणि त्यांची डाळ तपासायला.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. ती ना आईला माहीत आहे, ना सिस्टरांना. तुम्ही दवाखान्यात होता तेव्हा बाहेरच्या कडुनिंबाखाली मी देवाला म्हटलं होतं, बाबा घरी आले तर मी सिस्टर होईन. तुम्ही आला नाहीत. त्यानंतर कितीतरी वर्षं मी मिस्सेला, चर्चमधल्या रविवारच्या उपासनेला, नुसते ओठ हलवायची. म्हणजे मी त्या शब्दाने बांधलेली नाही, कोणी मला धरून ठेवलेलं नाही. तरी मला जावंसं वाटतं, बाबा, आणि या वेळी मी देवाकडे काहीच मागितलेलं नाही.