नियमात बसणारा दौरा

शुक्रवार, १ मार्च

घडलेले, क्रमाने:
१. गेल्या वर्षी एका संस्थेने नगरपरिषदेच्या सदस्यांना स्वतःच्या खर्चाने अभ्यासदौऱ्यावर नेले.
२. अभ्यास तासभर चालला. नौकाविहार दिवसभर.
३. नावेतला फोटो पेपरात आला. फोटोत सगळे हसत होते.
४. नवा नियम आला. संस्थेच्या पैशाने सदस्य कुठे गेले, काय पाहिले, काय खाल्ले, सोबत घरचे कोण होते, हे सगळे नोंद कार्यालयाला कळवायचे. ते वेबसाइटवर लागते. कोणीही वाचू शकते.
५. आमच्या संस्थेला पाच सदस्यांना शेजारच्या गावचे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र दाखवायचे आहे.
६. काम माझ्याकडे आले.

आपल्या शहरात होऊ घातलेल्या केंद्राचे डिझाइन माझे. तीन वर्षे त्यात गेली. २८ तारखेला परिषदेत मतदान. सदस्यांचा आक्षेप एकच: वास येईल. चालू केंद्र एकदा पाहिले की आक्षेप संपेल. सोपे आहे. संचालक म्हणाले, दौऱ्याकडे कोणी बोट दाखवता कामा नये. दाखवणार नाही.

संकल्प: शांत राहणे. माणसे हाताळणे मला चांगले जमते. लोकांना ते जरा उशिरा कळते, इतकेच.

सोमवार, ४ मार्च

कार्यक्रम तयार. वाटेत तलाव लागतो. तिथला थांबा काढला. पण तलाव खिडकीतूनही दिसतो. ड्रायव्हरला फोन करून तेवढ्या टप्प्यात पडदे ओढायला सांगितले. तो म्हणाला, ताई, गाडीला पडदेच नाहीत, सगळ्यांना डोळे मिटायला सांगू का. विनोद असावा.

जेवणातले गोडही काढले. आई म्हणाली, गोड नाही, तलाव नाही, मग येणार कोण? आईला सार्वजनिक जीवनाचा अनुभव नाही.

बुधवार, ६ मार्च

आज चांगली कल्पना सुचली. दौरा होऊन गेला आहे असे धरून पाचही सदस्यांच्या नावाने नमुना नोंदी भरल्या आणि दौऱ्यासाठी केलेल्या त्यांच्या ग्रुपवर टाकल्या. परतल्यावर वेबसाइटवर काय दिसणार ते आधीच कळलेले बरे. मनातली भीती जाते.

ग्रुपवर शांतता आहे. बारकाईने वाचत असावेत.

गुरुवार, ७ मार्च

पाच सदस्यांपैकी केमिस्ट येत नाहीत. नमुन्यात मी लिहिले होते: घरच्या एका व्यक्तीला नेण्याची परवानगी होती, यांनी कोणाला नेले नाही. त्यांनी घरी सांगितले होते की परवानगीच नाही. ग्रुपवर त्यांचा दुकानाचा फोन आहे, आणि तो बायको सांभाळते. हा माहितीच्या व्यवस्थापनातला त्यांचा दोष आहे.

वकीलबाईही येत नाहीत. त्यांच्या नमुन्यात 'प्रवासात झोप: दोन तास, अंदाजे' असे होते. अंदाज परिषदेच्या बैठकांचे व्हिडिओ पाहून काढला होता. त्या फोनवर म्हणाल्या, बाळ, मी डोळे मिटून विचार करते. तसा रकाना करून देते म्हटले. त्यांनी फोन ठेवला.

उरले तीन. छोटा गट अभ्यासाला सोयीचा.

सोमवार, ११ मार्च

लॉन्ड्रीवाले विचारत होते, गोड खरंच काढलंय का. मी हो म्हणाले. मग त्यांना आठवले की त्या दिवशी लग्न आहे. हॉटेलवाल्यांनाही तेच लग्न आठवले. कोणाचे, ते दोघांनी वेगवेगळे सांगितले.

उरले मास्तर. गणिताचे निवृत्त शिक्षक, मला सातवीत होते. एक तज्ज्ञ, एक सदस्य. याहून चांगले प्रमाण मिळणार नाही.

शुक्रवार, १५ मार्च

मास्तरांचा फोन. म्हणाले, पोरी, तुझ्या कागदात माझं नाव घालू नकोस. मी माझ्या तिकिटाने एसटीने येतो. मेव्हणी त्या केंद्राला लागूनच राहते, बरेच दिवस बोलावते आहे.

म्हणजे नोंद करण्यासारखे काही उरत नाही. नियमाचे याहून काटेकोर पालन कोणी केले नसेल. भाड्याची बस रद्द होत नाही.

शनिवार, १६ मार्च

बसमध्ये मी आणि ड्रायव्हर. तलाव दिसला. ठीक आहे.

केंद्र उत्तम चालू होते. मी स्लाइड दाखवायला घेतल्या. चौथ्या स्लाइडला मास्तर म्हणाले, तू सातवीतही उत्तराच्या आधी सगळी रीत लिहायचीस, चल, जेवण निवतंय.

मेव्हणीबाईंच्या स्वयंपाकघराची खिडकी थेट टाक्यांवर उघडते. मास्तर दोनदा वाढून घेऊन त्याच खिडकीखाली आडवे झाले. तासभर घोरले. मी तो वेळ कार्यक्रमपत्रिकेत 'इतर' मध्ये टाकला. मेव्हणीबाई म्हणाल्या, तूही घे ना भाजी, किती वाळलीयेस. शिष्टाचार म्हणून घेतली. पुन्हा घेतली. निघताना त्यांनी उरलेली भाजी डब्यात भरून दिली.

मास्तरांना बसमधून सोडले असते तर नोंद करावी लागली असती. म्हणून विचारले नाही. परतीच्या रस्त्यावर एसटी आमच्या पुढेच होती. मागच्या काचेतून मास्तर हात हलवत होते. ड्रायव्हरने माझ्याकडे आरशातून पाहिले.

गुरुवार, २८ मार्च

प्रस्ताव मंजूर. केंद्र होणार.

माझ्या स्लाइड उघडल्याच नाहीत. मास्तर उभे राहिले आणि म्हणाले, मी त्या टाक्यांशेजारी खिडकी उघडी टाकून जेवलो, झोपलो, आणि वास फक्त फोडणीचा आला. सभागृह हसले. केमिस्टांनी हात वर केला. वकीलबाईंचे डोळे मिटलेले होते, पण हात वर होता.

माझ्या नियोजनाचे हे यश आहे. सदस्य कमी केल्याशिवाय मास्तरांना इतके स्पष्ट दिसले नसते. संचालकांना तसे सांगितले. ते बराच वेळ खोकत राहिले. मग म्हणाले, पुढचा दौरा मास्तरांनाच आखायला सांगू या का.

मंगळवार, २ एप्रिल

डबा अजून माझ्या टेबलावर आहे. आई म्हणते, रिकामा परत देऊ नये, मी गोड करून देते. नोंद कार्यालयातल्या बाईंना फोनवर विचारले. त्या म्हणाल्या, अहो, भाजी आवडली ना, मग झालं. हे उत्तर नव्हे. आज लेखी पाठवले. प्रत इथे:

महोदया, दि. १६ मार्च रोजी मी, संस्थेची कर्मचारी, एका निर्वाचित सदस्याच्या मेव्हणीकडे जेवले. भाजी दोनदा घेतली. सोबत डबा मिळाला. सदस्यांनी संस्थेकडून घेतलेल्याची नोंद कुठे करायची, हे नियमात आहे. संस्थेने सदस्यांकडच्यांचे घेतले तर कुठे, हे नाही. डबा भरून परत दिल्यास ती भेट ठरते का, तेही नाही. मी रविवारी डबा परत द्यायला जाणार आहे, स्वतःच्या तिकिटाने, एसटीने. मास्तरही त्याच गाडीने येणार आहेत. शेजारी बसले तर चालेल का, हेही कळवावे.

कृपया शुक्रवार, ५ एप्रिलपर्यंत उत्तर द्यावे.