तियान कुंभाराचा तिसरा रांजण

चांद्र नववा महिना, बारावी तिथी
शानवान गाव

थोरल्या वन्सं,

तुमचे गुडघे कसे आहेत? शहरातल्या जिन्यांनी त्यांचा जीव घेतला असेल. इकडे सगळं ठीक. मक्याची दारू यंदा झकास उतरली. पहिली धार अशी की शेजारच्या फेंग आजोबांनी एक घोट घेतला आणि लगेच पेला पुन्हा पुढे केला. फोनच करणार होते, पण तुम्हाला नीट ऐकू जात नाही आणि मी ओरडून सांगायचं म्हणजे गावात दवंडीच. म्हणून पत्र.

घोळ झाला तो दारू ठेवायची कशात याचा. वेइमिनने प्लास्टिकचा पिंप पाठवला. म्हणे, "आई, हलका आहे, फुटायची भीती नाही." लेक गुणाचा, पण नाक बापाचं घेतलं नाही त्याने. चार दिवसांत दारूला रबरी चपलेचा वास! तुम्ही काचेच्या बरण्या सुचवल्या होत्यात. पण काचेत ती जशी घालावी तशीच राहते, वर्षानेही अंगावर येते. मातीत निवते.

शिवाय तुमच्या भावाने जाण्याआधी भरलेला रांजण. त्याला यंदा कानाशी चीर गेली. सहा वर्षं मुरलेली दारू, कशातही ओतायला हात धजेना. म्हणून नदीपलीकडच्या तियान कुंभाराकडे गेले. तोच, ज्याची बायको तापात गेली.

पहिला रांजण घरी आणून वाजवला तर बद्द आवाज. परत केला. दुसरा पाणी भरून राखेवर ठेवला, तर राख भिजली. तोही परत. तिसऱ्याची राख, वन्सं, मीच ओली केली. लिहितानाही लाज वाटते.

तियानकडे जाऊन पाठीवरच्या करंडीतून तो रांजण काढून मी म्हटलं, "हाही पाझरतो."

त्याने बुडावरून हात फिरवला. "हा? हा पाझरला तर मी चाक मोडून चुलीत घालीन. बाई, चहाला यायचं तर रिकाम्या हातानं या की. दर वेळी एवढं ओझं कशाला?"

"रिकाम्या हातानं आले तर लोक बोलतील."

"बोलू देत. त्यांच्या तोंडाच्या मापाची झाकणं करून देतो."

मी इतकी हसले की चहा सांडला. किती वर्षांनी अशी हसले, आठवत नाही.

त्याच रांजणात आपली दारू ओतली. ओतताना जुना रांजण त्याने धरला. थेंब सांडू दिला नाही. मग पहिला पेला भरून, मी काही सांगायच्या आधीच, तुमच्या भावाच्या नावाने जमिनीवर ओतला आणि म्हणाला, "दादा, माल उत्तम आहे." मला रडू आलं. चांगलं वाटून आलं.

आता लिहूनच टाकते. बाराव्या महिन्यात आम्ही लग्न करतोय. वेइमिनला सांगितलं, तर तो म्हणाला, "मला काही म्हणायचं नाही, पण आधी आत्याला विचार." विचारायलाच बसले होते. पण विचारलं आणि तुम्ही नाही म्हणालात तर मला ऐकावं लागेल, आणि मला ऐकायचं नाहीये. म्हणून विचारत नाही, सांगते. सत्तावन्नाव्या वर्षी मी सुखात आहे, वन्सं. रागवायचं तर खुशाल रागवा, पण दोन दिवसच.

एक मात्र मागते. लग्नात मुलीकडच्या वडीलधाऱ्यांच्या खुर्चीत बसायला माझं कोणी उरलं नाही. आई-बाबा गेले, भाऊ नव्हताच. छत्तीस वर्षांपूर्वी माझा हात धरून तुम्हीच मला या उंबऱ्यातून आत घेतलंत. आता पाठवणीही तुम्हीच करा. वेइमिन गाडी घेऊन न्यायला येईल, जिने तो उचलून उतरवेल. तुम्ही नाही आलात तर ती खुर्ची मी रिकामीच ठेवेन, दुसऱ्या कुणाला बसू देणार नाही.

तुमच्या रान घराण्याची सून असेन नसेन,
तुमचीच भावजय,
योंगझेन