बेकरीसमोरचे दोन खड्डे

प्रिय वहिनी,

तुझ्या पत्राचं उत्तर मुद्दाम लांबवलं. इथे पाण्याची गळती शोधण्याच्या कामावर माझा टिकाव लागणार की गाशा गुंडाळून दादाच्या टायरच्या दुकानात परत यावं लागणार, हेच मला ठाऊक नव्हतं. आता सगळं क्रमाने सांगतो. सवयीप्रमाणे शेवट आधी वाचू नकोस.

मी रस्त्याला कान लावून पडलेला असतो, असं दादा सगळ्यांना सांगतो म्हणे. तसं नाही. जमिनीखालच्या पाण्याच्या पाइपाला दोन टोकांना आवाज टिपणारे दोन सेन्सर चिकटवायचे. मधे कुठे गळती असेल तर पाण्याची सुरसुर दोन्हीकडे पोचते, जवळच्या टोकाला आधी आणि लांबच्या टोकाला जरा मागाहून. या फरकावरून यंत्र जागा काढतं. अडचण अशी की त्या सुरसुरीवर अख्खा रस्ता येऊन बसतो: बस, हॉर्न, दुकानांची शटरं. म्हणून खूप वेळ ऐकत राहायचं. बाकीचे आवाज दर वेळी वेगळे असतात, ते एकमेकांत जिरून जातात. गळतीचं रडगाणं मात्र तेच ते, त्यामुळे पडद्यावर तेवढाच एक उंचवटा उरतो. तिथे रस्त्यावर खडूने फुली मारायची आणि टोळीने खोदायचं.

माझी पहिली फुली बेकरीच्या दारात पडली. खड्डा कोरडा. दुसरी तिच्याच शेजारी, तोही ठणठणीत कोरडा. बेकरीवाल्या मावशी म्हणाल्या, अरे, झाडं लावायची आहेत का माझ्या दारात? आमच्या टोळीचे मुकादम हसले नाहीत. तिसरा कोरडा निघाला तर सामान बांध, म्हणाले, दोन वेळा मीच तुझी बाजू घेतली, आता मला तोंड नाही. त्यांचंही खरंच होतं. घरांत पाणी चढत नव्हतं आणि लोक त्यांनाच फैलावर घेत होते.

मला जेवण जाईना. नववीत शाळा सोडलेला मी, यंत्राला काय समजवणार? मग तुझी आठवण झाली. तांदूळ निवडताना तू सगळे एकदम पाहत नाहीस, ताटात थोडे थोडे पुढे ओढतेस. मीही यंत्राने टिपलेलं लांबलचक रेकॉर्डिंग तुकडे करून पाहिलं. बेकरीसमोरचा उंचवटा काही तुकड्यांत होता, काहींत साफ गायब. वहिनी, गळती कधी दम खायला थांबत नाही. दम खातो तो फ्रीज. मावशींच्या मोठ्या फ्रीजची मोटर भिंतीतल्या नळाला टेकलेली होती आणि तिचा थरथराट थेट रस्त्याखाली उतरत होता. मी इतके दिवस त्यांच्या लोण्याची राखण करत होतो.

फ्रीज जरा बंद ठेवाल का, असं विचारायला गेलो, तर म्हणाल्या, लोणी वितळलं तर तुलाच चाटायला लावीन. पण ठेवला. पुन्हा ऐकलं. मोठा उंचवटा गेला आणि पार पलीकडे, न्हाव्याच्या दुकानापाशी, एक बारीकसं टेंगूळ दिसलं. जितकं ऐकावं तितकं ते ठसठशीत होत गेलं. मी फुली मारली, पुसली आणि पुन्हा मारली. मुकादम म्हणाले, रांगोळी झाली असेल तर सुरू करू का?

बराच वेळ नुसती सुकी माती. मी न्हाव्याच्या पायरीवर तोंड फिरवून बसलो होतो. तेवढ्यात मागून मुकादमांची शिवी ऐकू आली, आणि इतकी गोड शिवी मी जन्मात ऐकली नाही. ते कमरेपर्यंत भिजले होते आणि हसत होते. न्हावी अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकासकट बाहेर आला. मावशींनी फसलेले केक आणले, आम्ही चिखलाच्या हातांनी खाल्ले. मुकादमांनी तिथेच सांगितलं, पुढच्या महिन्यापासून मी कायम.

आता पत्राचं खरं कारण. गेल्या आठवड्यात, तिसऱ्या खड्ड्याच्या आधी, दादाने फोनवर मला माझ्या खोलीच्या दाराची रुंदी विचारली. टायरवाल्याला त्याचं काय काम? वर म्हणाला, वहिनीला हल्ली चहाचा वास सोसत नाही. मग मी समजलो. मी परत आलो तर मला जागा हवी म्हणून तुम्ही दोघं खोली मागणार नाही, हेही समजलो. म्हणून तिसरी फुली मी दोनदा मारली. तर वहिनी, खोली घ्या. मी आता पाहुणा म्हणून येईन आणि ओटीवर झोपेन. पाळणा दारातून आडवा जाणार नाही, उभा करून न्यावा लागेल. खिडकीची कडी सैल आहे, वाऱ्याने वाजते. ती आधी बसवून घ्या, बाळ दचकेल. आणि दादावर चिडू नकोस, त्याने बिचाऱ्याने फक्त दाराची रुंदी विचारली.

तुझाच दीर,
आणि लवकरच काका