बाराव्या खुर्चीतली आई

पाय परातीत घेतला की आई उठायला बघते, बाबा. मी एका हाताने तिचा घोटा धरतो, दुसऱ्या हाताने तांब्यातलं मिठाचं कोमट पाणी जखमेवर सोडतो, आणि ती खुर्चीच्या हातांवर जोर देऊन अर्धवट उभी राहते. पाणी फरशीवर सांडतं. "सोड ना बे," ती म्हणते. "तू कॉलेजातला मास्तर. माह्ये पाय काऊन धरून राह्यला?" मी म्हणतो, डॉक्टरांनी सांगितलंय, बस. ती बसते. पुन्हा तांब्या वाकवला की दाराकडे बघत हळूच विचारते, "पंच आले का? उठू का मी?"

तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, म्हणून सांगतो. आईला साखर आहे. उजव्या पायाचा अंगठा आधी काळा पडला, मग शेजारची दोन बोटं. दिवसातून दोनदा जखम धुऊन पट्टी बदलायची आणि काळेपणा घोट्याच्या वर सरकला तर वाट न बघता बुलढाण्याला आणायचं, मग पाय काढावा लागेल, असं डॉक्टरांचं म्हणणं आहे. धुवायला एक बाई लावली होती. वास सहन झाला नाही, ती यायची बंद झाली. मी आपल्या धाड गावी परत आलो. आईला आता आजचं आठवत नाही. गुड फ्रायडेच्या आदला तो एक गुरुवार मात्र आठवतो. पाण्याचा स्पर्श झाला की ती तिथे जाते. मीही जातो.

चर्चमध्ये वेदीपुढे बारा खुर्च्या मांडलेल्या आहेत. प्रभूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण. तुम्ही पाळकाचा झगा काढून ठेवला आहे, कमरेला टॉवेल बांधला आहे. परात आमच्या घरची, भाकरीचं पीठ मळायची. आईने ती राखेने घासून आणली आहे आणि ती मागे पाण्याची किटली धरून उभी आहे. आदल्या रविवारी तुम्ही उपासनेनंतर सूचना दिली होती, ज्यांचे पाय धुवायचे आहेत त्यांनी घरून पाय स्वच्छ धुऊन यावं. दरवर्षी द्यायचात. तेव्हा कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. माणसं साबणाने पाय घासून, टाचा दगडाने खरवडून, नवे मोजे घालून येत. तुम्ही धुतलेल्या पायांवर दोन थेंब सोडायचात आणि टिपून घ्यायचात. टॉवेल कोरडाच राहायचा.

त्या वर्षी बारावा माणूस आला नाही. अकरा झाले आणि तुम्ही गुडघ्यांवर सरकत शेवटच्या खुर्चीपाशी आलात. खुर्ची रिकामी. आई किटली खाली ठेवते, पुढे येते आणि तिच्यात बसते. कुणी सांगितलं नव्हतं. लुगडं घोट्यापर्यंत वर घेते आणि पाय पुढे करते. त्या दिवशी पहाटेपासून ती उभी होती. चर्च तिनेच सारवलं होतं, चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांचा चहा तिनेच केला होता. टाचेच्या भेगांत माती होती. अख्ख्या ओळीत धुवायला हवेत असे पाय ते एवढेच होते.

"घ्या साहेब," मागून कुणीतरी म्हणालं, "बारावा शिष्य लुगडं नेसून आला!"

चर्च हसलं. थोरले पंच हसले नाहीत. ते उठून उभे राहिले. "पाळकीणबाई, उठा. बाप्या माणसाचा मान आहे तो."

आई उठली नाही. ती तुमच्याकडे बघत होती. तुम्ही तिच्या पुढ्यात गुडघ्यांवर होतात, वीतभर अंतरावर. तुमचा हात परातीच्या काठावर होता. तो पुढे येईल असं मला वाटलं. मग तुम्हीही हसलात, मागच्यांइतकंच, आणि खाली मान घालून म्हणालात, "ऊठ. पाणी निवून राह्यलं." ती उठली. किटली उचलली. पुढच्या वर्षीपासून तुम्ही तेरा जणांना सांगून ठेवू लागलात.

त्याच आठवड्यात मी तुम्हाला स्वयंपाकघरात विचारलं, आईचे का नाही धुतले? आई त्याच परातीत पीठ मळत होती. तुम्ही ताटावरून वर बघितलं नाही. "माह्या बापाले गाव चाल बे म्हणून हाक मारत होतं," तुम्ही म्हणालात. "जेवणावरून उठून मेलेलं ढोर ओढाले जाय तो. त्याच्या पोराले आता तेच लोक साहेब म्हणतात. हे प्रभूनं केलं. तुले त्यातलं काय समजते? जेव." आईचे हात पिठात थांबले होते. मग पुन्हा चालू लागले.

मला आज त्यातलं काही समजतं. चाकरीतून सुटलेल्या माणसाला पुन्हा दास व्हा म्हणून सांगणं सोपं नाही. म्हणून तुम्ही दासपण वर्षातून एका गुरुवारी आणलंत, तेही धुतलेल्या पायांपुरतं. दारावरच्या बोर्डावर प्रभूचा सेवक लिहिलंत आणि पुढे साहेब लावू दिलंत. पण टॉवेल बांधणाऱ्या प्रभूपुढे धुळीचे पाय होते, आणि त्यांतले दोन त्याला शत्रूंच्या हाती धरून देणाऱ्या शिष्याचे होते. ते त्याला ठाऊक होतं. कुणाचे पाय, हे त्याने निवडलं नाही. आपल्या घरात दास होती ती बोर्डावर नव्हती. तिने एकदाच काही मागितलं, आणि तुम्ही हसलात.

आज संध्याकाळी हल्लीचे पाळक प्रार्थनेला आले. मी पट्टी सोडत होतो. वासाने त्यांनी रुमाल नाकाशी नेला, लगेच खाली घेतला. म्हणाले, "सर, खरे सेवक तुम्हीच." मग म्हणाले, या गुरुवारी बारांमध्ये तुम्ही बसा. निघताना दारातून वळून म्हणाले, "तेवढे पाय धुऊन या, सर." आई मोठ्याने हसली. तिला काय कळलं ते मला माहीत नाही.

हे पाठवायला पत्ता नाही. असता तरी पाठवलं नसतं, कारण एक गोष्ट राहिली आहे. मी हे प्रेमाने करत नाही. श्वास रोखून करतो, आणि मध्येच मनात येतं की हे एकदाचं संपावं. पण पाळक ते वाक्य बोलले तेव्हा मला बरं वाटलं. ते दारात होते तोवर मी पाय हातातून खाली ठेवला नाही. त्यांच्या चपला वाजेनाशा झाल्यावर ठेवला. तुमचं हसणं मी इतकी वर्षं धरून बसलो आहे. आज माझ्या तोंडावर काय होतं ते आईने पाहिलं असेल.

खुर्चीचा एक पाय आखूड आहे. ती डुगडुगली की आईला वाटतं कुणी उठवतंय. या कागदाची घडी तिथे बसेल.

घडी रात्री घातली नाही. सकाळी काळेपणा घोट्याच्या वर आला होता. जीप सांगितली. ती येईपर्यंत मी आईचा दुसरा पाय परातीत घेतला, चांगला, ज्याला काही झालेलं नव्हतं. टाचेच्या भेगांत माती होती. माती निघेपर्यंत धुतला. आई उठली नाही.